‘बोटिंग बंद आहे’: नागपूरच्या तलावांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीत पुण्याहून बहिणीची मुलं येतात. सामान खाली ठेवायच्या आधी पहिला प्रश्न ठरलेला: “मामा, बोटिंगला कधी?” गेल्या काही वर्षांत मी त्यांना एक बंद फाटक, काठावर उलटी पडलेली बदकाच्या आकाराची बोट आणि भरपूर जलपर्णी दाखवली. हाच प्रश्न शेजारचे विचारतात, बदली होऊन आलेले विचारतात, लग्नाला आलेले पाहुणेही विचारतात. दरवेळी तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

नागपुरात बोटिंग होतं तरी कुठे?

शहराच्या मधोमध गांधीसागर, म्हणजे जुन्या लोकांचा जुम्मा तलाव किंवा शुक्रवारी तलाव. पश्चिमेला अंबाझरी, तिथल्या उद्यानाला लागून. शहरात सुट्टीची बोट म्हटली की आमच्या पिढीला हीच दोन नावं आठवतात. शहराबाहेर रामटेकजवळचा खिंडसी.

बोटी म्हणाल तर साध्याच. दोघांची किंवा चौघांची पायडलवाली, तिला हंसाची नाहीतर बदकाची मान. काही ठिकाणी वल्ह्याची नाव, त्यात नावाडी असायचा. तिकीट अर्ध्या तासाचं. अर्धा तास झाला की काठावरचा माणूस शिट्टी मारायचा आणि आपण ऐकू न आल्यासारखं करायचं, हा खेळाचा भाग होता.

मग आता सगळं बंद आहे का?

पूर्ण बंद म्हणणं बरोबर नाही. शहरातल्या तलावांवर बोटिंग ठेक्यावर चालतं. ठेका संपला, निविदेला कोणी आलं नाही, काठाचं काम निघालं, पाणी खराब झालं की बंद. मग एखाद्या वर्षी नवा माणूस येतो, रंगवलेल्या बोटी आणतो, उद्घाटन होतं, पेपरात फोटो येतो. दोन हंगाम झाले की पुन्हा शांतता. म्हणून फाटकापर्यंत जाण्याआधी चौकशी करा, हा एवढाच सल्ला.

पूर्वी मात्र बोट गृहीत असायची. शाळेची सहल, नवं लग्न झालेलं जोडपं, गावाहून आलेले काका, सगळ्यांच्या यादीत ती असायची. ती यादीतून कधी गळाली हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

हे तलाव बोटींसाठीच बांधले होते ना?

नाही. पाण्यासाठी बांधले होते. जुम्मा तलावाचं श्रेय देवगडच्या गोंड राजा चांद सुलतानाला दिलं जातं. त्यानेच नागपूरला तटबंदीचं शहर केलं. शुक्रवार म्हणजे जुम्मा, म्हणून दोन्ही नावं एकाच तलावाची. पुढे याच भागात १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. अंबाझरीचं पाणी १८७० च्या सुमारास शहरात यायला लागलं, ते कमी पडलं तेव्हा गोरेवाडा झाला. नंतर कन्हान आणि पेंच नद्यांचं पाणी आलं आणि पिण्यासाठी जुम्मा-अंबाझरीची गरजच उरली नाही.

माझ्या मते अर्धं उत्तर इथेच आहे. ज्या पाण्याचा घोट शहर घेत होतं, त्यावर शहराचं लक्ष होतं. नळाला पेंचचं पाणी यायला लागल्यावर तलाव फक्त ‘सौंदर्य’ राहिले. सौंदर्याला वाली नसतो. काठावर रेलिंग बसवलं, बाक टाकले, दिवे लावले, की झालं सौंदर्यीकरण. पाण्यात उतरून कोणी पाहत नाही, कारण पाण्यात उतरणारा माणूसच उरला नाही. बोटवाला हा शेवटचा होता.

जलपर्णीचा बोटीशी काय संबंध? काढून टाकली की झालं!

असं वाटतं खरं. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. जांभळी फुलं सुंदर दिसतात, शोभेचं झाड म्हणूनच ती जगभर फिरली. तिला लागतं सांडपाणी. मैला, साबण, खरकटं यांतून येणारं नायट्रोजन आणि फॉस्फरस हे तिचं खत. पोषक पाणी आणि ऊन मिळालं तर एक-दोन आठवड्यांत तिचा पसारा दुप्पट होतो. नागपुरात उन्हाची काय कमी? अंबाझरीत वाडीकडचं सांडपाणी आणि हिंगणा औद्योगिक वसाहतीच्या बाजूचं पाणी येत राहिलं, त्यामुळे तिथे तिला वर्षभर मेजवानी.

आता बोटीचं बघा. पायडल बोटीच्या पोटाखाली छोटं पंख्याचं चाक असतं. त्यात एक लांब मुळी अडकली की पाय फिरतात पण बोट हलत नाही. मोटरबोटीचा पंखा तर गुंडाळूनच जातो, इंजिन तापतं. वल्ह्याची नाव रेटता येते, पण दर चार हातांवर वल्हं झटकावं लागतं. जोडपी पैसे देऊन व्यायाम करायला येत नाहीत.

यंत्राने काढली तरी बी तळाच्या गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहतं. वरून सांडपाणी चालूच. म्हणजे बादली भरून वाहत असताना नळ बंद न करता फरशी पुसण्यासारखं. हे सगळ्यांना माहीत आहे. तरी दर उन्हाळ्यात यंत्र आणतात, ढीग काठावर टाकतात, पावसाळ्यात त्यातलं निम्मं परत पाण्यात.

२०२३ च्या पुराचा परिणाम झाला का?

झाला, आणि तो बोटींपुरता नव्हता. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी ओसंडला, नाग नदी अंबाझरी लेआउट, शंकर नगर, धरमपेठच्या घरांत शिरली. माणसं गेली, गाड्या वाहून गेल्या, घरातल्या दिवाणाखाली गाळ भरला. सांडव्याच्या तोंडाशी असलेल्या विवेकानंद स्मारकावरून वाद उच्च न्यायालयात गेला. त्यानंतर अंबाझरीचा विषय निघाला की पहिला शब्द ‘बांध’ येतो. बांधावरची झाडं, सांडवा, दारं, मजबुतीकरण. आणि ते बरोबरच आहे. ज्या तलावाच्या भिंतीखाली निम्मी वस्ती झोपते, तिथे बदक बोटीची चौकशी करायला जीभ रेटत नाही.

उद्यानाचं वेगळंच. तिथलं काम खाजगी विकासकाकडे गेलं, बाबासाहेबांच्या नावाचं सांस्कृतिक भवन पाडल्यावरून मोठं आंदोलन झालं, आणि लोकांच्या फिरण्याच्या जागेला बराच काळ कुलूप राहिलं.

बोटवाल्याला धंदा परवडत का नाही? रविवारी तर रांग असते!

रविवारीच असते, जी. तिथेच सगळं अडतं.

ढोबळ हिशेब मांडून बघू. आकडे समजण्यापुरते घेतलेत. समजा दहा पायडल बोटी. सुट्टीच्या दिवशी प्रत्येक बोटीच्या दहा फेऱ्या, फेरीचे शंभर रुपये. दिवसाचे दहा हजार. ऐकायला बरे वाटतात. आता असे दिवस किती? पावसाळ्याचे चार महिने बंद. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे. सायंकाळी सहाच्या आधी कुत्रंही बाहेर पडत नाही, आणि अंधार पडला की बोट काढता येत नाही. उरले ऑक्टोबर ते मार्च, त्यातले सव्वीस आठवडे, त्यांचे बावन्न शनिवार-रविवार. फेब्रुवारीपासून घराघरांत परीक्षा. पन्नास दिवस धरले तर वर्षाचे पाच लाख.

चार माणसं तर हवीतच: तिकिटाला एक, धक्क्यावर एक, पाण्यात लक्ष ठेवायला पोहणारे दोन. महिना बारा हजार धरले तरी वर्षाचे पावणेसहा लाख. अजून ठेक्याचे पैसे, अनामत, विमा, जॅकेटं, रंग, दुरुस्ती राहिलीच. मधल्या वारी कॉलेजातली जोडपी येतात, त्यांच्यावर फार तर चहापाणी निघतं.

मग ठेकेदार काय करतो? पहिल्यांदा माणसं कमी करतो. मग दुरुस्ती टाळतो. फायबरच्या बोटीचा वरचा थर आमच्या उन्हात पांढरा पडून भुरभुरतो, बारीक चिरा पडतात, त्या बुजवल्या नाहीत तर पाणी झिरपतं. मग काठावर चाट, भुट्टा, फुगे, उड्या मारायची जाळी लावतो. तिथे कमाई जास्त, जोखीम शून्य. तिसऱ्या वर्षी तो म्हणतो, बोटी कशाला? मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

अपघातांमुळे लोक घाबरले का?

घाबरले, आणि घाबरण्यासारखंच घडलं. ९ जुलै २०१७ चा रविवार. नागपूरजवळच्या वेणा जलाशयात अकरा तरुण एका नावेत बसून आत गेले, नाव उलटली, आठ जण बुडाले. आत जातानाचे त्यांचे मोबाइलवरचे हसरे व्हिडिओ दुसऱ्या दिवशी सगळ्या शहराने पाहिले. ती सहलीची बोट नव्हतीच. ना तिकीट, ना जॅकेट, ना धक्का.

पुढे १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. ती ठेक्यावरची, तिकिटाची बोट होती. क्षमतेपेक्षा जास्त मुलं बसवलेली, बहुतेकांच्या अंगात जॅकेट नाही. या घटनेनंतर सहलीच्या यादीतून बोट खोडणाऱ्या मुख्याध्यापकांना मी दोष देणार नाही.

फक्त एक गोष्ट खटकते. अधिकृत बोटिंग बंद झालं म्हणून लोक पाण्यात जायचे थांबत नाहीत. ते मग धरणावर जातात, मासेमाराची नाव मागतात, पन्नास रुपये हातावर टेकवतात. वेणाला जे झालं ते पुन्हा व्हायची वाट त्याच बाजूने आहे.

बोटीला परवाना वगैरे लागतो का?

लागतो. १९१७ चा जुना कायदा जाऊन ‘अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१’ आला. इंजिनाच्या बोटीची तपासणी, नोंदणी, चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र, विमा, सगळं त्यात आहे. बिनइंजिनाच्या नावांसाठीही त्यात वेगळं प्रकरण आहे. महाराष्ट्रात हे काम सागरी मंडळाकडे, म्हणजे ज्यांचा बहुतेक संसार समुद्रकाठी. नागपूर समुद्रापासून किती लांब आहे हे नकाशात बघा. जीवरक्षकांचं रीतसर प्रशिक्षण गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत मिळतं.

फुटाळ्यावर एवढा खर्च झाला, तिथे बोटी का नाहीत?

फुटाळा हा भोसल्यांच्या काळातला, साठेक एकरांचा. २०२२ मध्ये तिथे संगीत कारंज्यांचे खेळ सुरू झाले, काठावर प्रेक्षकांची गॅलरी उभी राहिली. पाण्यातल्या आणि काठावरच्या बांधकामांवरून पर्यावरणवाले न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं, २०२४ च्या सुरुवातीला ‘जैसे थे’चा आदेश झाला. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये निकाल लागला की माणसाने बांधलेला हा तलाव २०१७ च्या नियमांतल्या ‘पाणथळ जागे’च्या व्याख्येत बसत नाही.

कायद्याचं कायद्याजवळ. मला तिथे बसल्यावर वेगळंच वाटतं. आठशे माणसं पाण्याकडे तोंड करून बसलेली असतात आणि पाण्यावर एकही माणूस नसतो. आमच्या शहरात पाणी ही बघायची वस्तू झाली, सिनेमाच्या पडद्यासारखी. भुट्टा मात्र अजून झकास मिळतो, लिंबू-तिखट मारके.

आपल्या ढिवर लोकांच्या नावा वापरता येणार नाहीत का?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, म्हणून विचारणाऱ्याचं कौतुक. विदर्भात पाण्यावरचं ज्ञान ढिवरांकडे, म्हणजे इथल्या मासेमार समाजाकडे आहे. भंडारा-गोंदियाकडे तलाव बांधले कोहळी समाजाने आणि त्यात डोंगा हाकला ढिवरांनी. वारा कुठून फिरतो, गाळ कुठे आहे, बुडालेलं झाड कुठे आहे, हे त्यांना डोळे मिटून ठाऊक.

पण त्यांचा डोंगा एका-दोघांचा, जाळं टाकण्यापुरता, चिंचोळा. त्यात पाच पाहुणे बसवले की तोल गेलाच. माणूस वापरा, नाव नको, असं माझं मत. त्यांना प्रशिक्षण द्या, रुंद बुडाची बोट द्या, पगार द्या. पेंचच्या कोलितमाऱ्याकडे वनखात्याने नौकाविहार सुरू केला तो स्थानिकांना हाताशी धरूनच. शहरातल्या निविदेत मात्र ‘मागील तीन वर्षांची उलाढाल’ अशी अट असते. ढिवराच्या उलाढालीचा दाखला कोण देणार?

विलायतेत आठवडाभर बोट भाड्याने घेऊन तिच्यातच राहतात म्हणे. तिथे तर धंदा जोरात असेल?

माझ्या एका मित्राची मुलगी बर्मिंगहॅमला असते, तिच्यामुळे हा प्रश्न आमच्या कट्ट्यावर आला. उत्तर ऐकून सगळे चाट पडले: तिथेही भाड्याची बोट ओसरतेच आहे.

आधी तिथलं चित्र समजून घ्या. इंग्लंडात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात कोळसा वाहायला कालव्यांचं जाळं खणलं. जुनी लॉकं सात फूट रुंद, म्हणून बोटीही सात फुटांहून किंचित कमी रुंदीच्या आणि सत्तर फुटांपर्यंत लांब. लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद: बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं किंवा सोडायचं, की बोट पायरी चढते किंवा उतरते. हे सगळं सुट्टीवर आलेला माणूस स्वतः लोखंडी दांडा फिरवून करतो. रेल्वेने आणि मग ट्रकने मालवाहतूक खाल्ली, १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे गोठले आणि उरलासुरला धंदाही गेला. पण १९४६ मध्येच कालवे वाचवायला एक संघटना उभी राहिली होती. तिने आणि सुट्टीच्या बोटवाल्यांनी मिळून ते पाणी जिवंत ठेवलं. वेग ताशी चार मैल. भाड्याच्या बोटीला लायसन लागत नाही. अर्धा तास शिकवतात, किल्ली हातात देतात.

पूर्वेला नॉरफोक ब्रॉड्स म्हणून उथळ तळ्यांचा मुलूख आहे. मध्ययुगात तिथे जळणासाठी पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची माती, खणली; त्या खड्ड्यांत पाणी भरून तळी झाली. हे विसाव्या शतकाच्या मध्यावर संशोधनातून सिद्ध झालं, तोवर सगळे ती निसर्गाची करणी समजत. तिथे १९०८ पासून बोटी आरक्षित करून देणारी कंपनी होती. युद्धानंतर तीन-चार दशकं भाड्याच्या बोटींची चंगळ होती. आता तो ताफा निम्म्याहूनही कमी उरलाय.

कारणं? विमानं स्वस्त झाली. स्पेनचं ऊन आणि नॉरफोकचा पाऊस एकाच भावात मिळाले तर माणूस ऊन घेतो. बोट वर्षाचे सात-आठ महिने कमावते, खर्च बारा महिने. बोटींच्या आवारांची जमीन पाण्याकाठची, म्हणजे घरांसाठी सोन्याची. मालक म्हातारा झाला, मुलांनी विकली. लोकांना आठवड्याऐवजी तीन दिवसांची सुट्टी हवी, आणि दर तीन दिवसांनी बोट धुऊन-पुसून द्यायला माणूस मिळत नाही. टाळेबंदीनंतर परदेश बंद होता तेव्हा २०२० आणि २०२१ मध्ये झुंबड उडाली, विमानं उडाली तशी तीही गेली. २०२५ च्या उन्हाळ्यात दुष्काळाने कित्येक कालवे बंद ठेवावे लागले. आरक्षण केलेल्यांचे पैसे परत.

फरक मात्र मोठा आहे, आणि हे सगळं लांबण मी त्या फरकासाठीच लावलं. तिथे भाड्याच्या बोटी घटल्या, पण एकूण बोटी घटल्या नाहीत. कालव्यांवर आज पस्तीस हजारांच्या आसपास बोटी आहेत, बहुतेक लोकांच्या स्वतःच्या. काही तर त्यातच राहतात, कारण घरं परवडत नाहीत. २०१२ पासून एक विश्वस्त संस्था इंग्लंड-वेल्सचे सुमारे बत्तीसशे किलोमीटर जलमार्ग सांभाळते. सरकारने २०२७ नंतरचं अनुदान कमी करायचं ठरवलं तेव्हा ओरडा करायला एवढी माणसं होती. आपल्याकडे भाड्याची बोट गेली आणि पाण्यावरचं शेवटचं माणूस गेलं. मागे ओरडायला कोणी नाही.

पेंचचे कालवे आहेत की. त्यांत बोटी सोडता येणार नाहीत?

नाही. सिंचनाचा कालवा उतारावर असतो, पाणी वाहतं राहायला हवं म्हणून. विलायतेतला कालवा पातळीत, पाणी जवळपास थांबलेलं. आपल्या कालव्यात जिथे पातळी एकदम खाली येते तिथे धबधब्यासारखी पायरी असते, लॉक नसतं. पूल इतके बुटके की माणूस बसला तरी डोकं आपटेल. आणि पाणी येतं पाळीपाळीने. पाळी संपली की तळ कोरडा. शेतकऱ्याच्या धानाच्या पाण्यावर सुट्टी साजरी करायला तो देणारही नाही.

विदर्भात कधीच जलमार्ग नव्हता का?

व्हायला निघाला होता! १८५० आणि ६० च्या दशकांत इंग्रज अभियंता आर्थर कॉटन यांच्या डोक्यात बेत होता की वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी या वाटेने वऱ्हाड-नागपूरचा कापूस पूर्व किनाऱ्यावर न्यायचा. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांचाही त्याला पाठिंबा होता. वाटेत तीन ठिकाणी खडकांचे अडथळे. पहिल्यावर, दुम्मागुडेमला, बांध आणि लॉकही बांधलं. तोवर १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि कापूस मुंबईकडे धावायला लागला. १८७१ मध्ये काम सोडून दिलं.

२०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले, त्यांत वैनगंगा-प्राणहिता आणि पैनगंगा-वर्धा आहेत. कागदावर म्हणजे आपण बंदरवालेच. चंद्रपूरच्या नातेवाइकांना मी सांगितलं तर ते अर्धा मिनिट हसले.

केरळला हाउसबोटी एवढ्या चालतात, मग इथेच का नाही?

तिथे पाणी सलग, हिरवं आणि बारमाही आहे. तांदूळ वाहणारी केट्टुवळ्ळम नाव नव्वदच्या दशकात हाउसबोट झाली, नावाडी आणि सुतार आधीपासून होते. आज तिथला त्रास उलटा: वेंबनाडमध्ये बोटी फार, मैला-तेल पाण्यात. मे २०२३ मध्ये तानूरला दुमजली बोट बुडून बावीस माणसं गेली.

मग आज बोटीत बसायचं तर जायचं कुठे?

खिंडसी. नागपूरहून पन्नासेक किलोमीटर, रामटेकच्या डोंगराच्या पलीकडे. ब्रिटिश काळात सूर नदी अडवून सिंचनासाठी केलेला जलाशय. डोंगर, मोठं पाणी, मोटरबोटी, पायडल बोटी, सगळं आहे. हिवाळ्यात जा; उन्हाळ्यात धानाला पाणी सुटलं की काठ मागे सरकतो आणि धक्क्यापर्यंत चिखल तुडवत जावं लागतं. गडमंदिर सकाळी करून घ्या, मग बोट.

आंभोराही सांगतात लोक. वैनगंगेला तिथे कन्हान, आम आणि इतर नद्या मिळतात, गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यामुळे पाण्याचा पसारा डोळ्यांत मावत नाही. पूर्वी चैतन्येश्वराच्या दर्शनाला लोक नावेने पलीकडून यायचे. जानेवारी २०२४ मध्ये तिथे तारांवर तोललेला मोठा पूल खुला झाला, वर काचेची गॅलरी. आता गर्दी गॅलरीत असते.

बसण्याआधी काय बघावं?

जॅकेटचे बक्कल. एकदा शहरातल्या एका तलावावर मला तुटक्या बक्कलाचं जॅकेट मिळालं. तक्रार केली तर पोट्टा म्हणतो, “काही होत नाही काका, हातानं धरून ठेवा.” मी उतरलो. लहान मुलांना त्यांच्याच मापाचं जॅकेट हवं. मोठ्याचं घातलं तर पाण्यात ते वर सरकून मूल खालून निसटतं, म्हणून दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल तर उत्तम. बोटीच्या अंगावर किती जणांची क्षमता लिहिलीय ते वाचा, आणि काठावर शिट्टी-दोर घेऊन माणूस उभा आहे का ते बघा. फोटोसाठी सगळ्यांनी एका बाजूला सरकायचं नाही. वेणाचं मगाशी लिहिलंच आहे.

शेवटी भाच्यांना कुठे नेलं?

खिंडसीला. सकाळी साडेसहाला निघालो, वाटेत तर्री-पोहे. धाकटा पायडलच्या बोटीत बसला तर त्याचे पाय पायडलपर्यंत पोचत नव्हते, म्हणून सगळी बोट मी आणि मोठीने ओढली. मध्यावर गेल्यावर दोघांनी एकदम पाय थांबवले. बोट जागच्या जागी हळूहळू फिरायला लागली, गडमंदिर समोरून उजवीकडे, मग मागे गेलं. काठावर शिट्टी वाजली. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “मामा, काही ऐकू आलं?” त्याला हे कोणी शिकवलं नव्हतं.